सतरा नंबर हजर!

माझ्या मोजणीत आजवर एकाची चूक झालेली नाही. एकाची म्हणजे एकाचीसुद्धा! शाळेच्या कचेरीत एकतीस वर्षं हेडक्लार्कच्या खुर्चीत बसतोय. एवढ्या काळात तीन खुर्च्या मोडल्या, चार मुख्याध्यापक बदलले, पण मस्टर कधी चुकलं नाही. बाकं, डस्टर, नकाशे, प्रयोगशाळेतला सांगाडा, आणि त्या सांगाड्याची हाडंसुद्धा मोजून लिहून ठेवलेली. (दोन कमी आहेत. ती माझ्या आधीच्या हेडक्लार्कच्या काळातली.) पोरं मला पाठीमागे 'मस्टरकाका' म्हणतात. पाठीमागे म्हणतो, असं आपलं त्यांना वाटतं.

तर आमच्या शाळेची सहल परदेशी जायची ठरली. सहल म्हणायचं नाही हं! 'सांस्कृतिक देवाणघेवाण' म्हणायचं. आपली चोवीस मुलं दहा दिवस त्यांच्या शाळेत जाणार, त्यांच्या मुलांच्या घरी राहणार, आणि पुढच्या वर्षी त्यांची चोवीस मुलं आपल्याकडे. पालकसभेत एका आईने हात वर केला आणि विचारलं, "पण तिकडे एखादं मूल हरवलं तर?"

आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, उठल्या. "आम्ही सर्वतोपरी काळजी..." एवढं त्या म्हणाल्या आणि पालकांचे चेहरे आणखी उतरले. 'सर्वतोपरी' हा शब्द ऐकला की शहाणा माणूस घाबरतोच. मग मी उभा राहिलो.

"चोवीस नेतो, चोवीस आणतो! तेवीस नाही, पंचवीस नाही. हिशेब संपला!"

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत एकच बाई टाळी न वाजवता बसली होती. ती माझी थोरली बहीण. तिची धाकटी लेक यादीत सतरा नंबरला होती.

सभा संपल्यावर ताईने मला जिन्याखाली गाठलं.

"भाषण छान ठोकलंस. आता ऐक. घरात तिच्या जाण्याला सगळ्यांचा नकार होता. 'मामा सोबत आहे' या एका वाक्यावर मी तिला सोडतेय. पोर डोळ्यांसमोर ठेव. मस्टरमध्ये नव्हे, डोळ्यांसमोर!"

"ताई, ते एकच झालं."

"एकच नसतं रे बाळा," ताई म्हणाली. मी छप्पन्न वर्षांचा आहे, पण ताईपुढे अजून बाळच. "आणि तिच्यात काही कमीजास्त झालं, तर माझ्या उंबऱ्याला पाय लावू नकोस."

आता या भाचीबद्दल सांगायला हवं. घरात तिला 'उकरी' म्हणतात. बारा वर्षांची आहे आणि दिसेल ती गोष्ट उकरून बघते. लहान असताना तिने ताईचं शिलाई मशीन उकललं. जोडलंही, पण तेव्हापासून ते उलटं शिवतं. तिच्या तोंडात प्रश्न कायम तयार असतात, पानवाल्याच्या हातात पान असावं तसे. हे का? ते असं का? असं नाही, तर तसं का नाही?

मी एक खासगी वही ठेवतो. माणसांची वही. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर नावे. म्हणजे कोणाच्या अंगी काय आहे आणि काय नाही, याची नोंद. मोठ्या बाई: जमा, धीर. नावे, समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ देणे. उकरीच्या पानावर जमेला 'कुतूहल' लिहिलं होतं आणि नावेलाही 'कुतूहल'च. माझं स्वतःचं पान नाही. वही लिहिणाऱ्याचं पान कशाला?

निघण्याआधी मी मुलांना पिवळ्या टोप्या आणि खिशावर नंबर शिवलेले लाल कोट दिले, गर्दीत उठून दिसावी म्हणून स्वतःसाठी पिवळी छत्री घेतली, आणि तीन नियम घोटून घेतले. नियम एक: मस्टरकाका म्हणाले 'हजेरी' की क्रमाने आपापला नंबर ठणठणीत सांगायचा. मी मान वर करणार नाही. नजर मस्टरवर, कान तुमच्यावर. चेहरे फसवतात, आकडे नाही! नियम दोन: चोविसावा नंबर येईपर्यंत बस हलणार नाही. नियम तीन: कोणी हरवलं तर इकडेतिकडे पळायचं नाही. आहे तिथेच उभं राहून आपला नंबर मोठ्याने पुकारायचा. मी आवाजाच्या मागे येईन.

"आवाज पोचला नाही तर?" उकरीने विचारलं.

"पोचेल एवढा मोठा काढायचा."

"किती मोठा?"

"अगं, गावाला ऐकू जाईल एवढा!"

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

तिकडची शाळा लांबलचक, चकाचक, आणि इतकी शांत की मला वाटलं सुट्टीच आहे. दारात स्वागताला त्यांचे हेडक्लार्क उभे. उंच, कृश, खिशाला चार पेनं आणि कमरेला शिक्क्याची पेटी. हो, पेटी! पिशवीसारखी पट्ट्याने अडकवलेली. मी त्यांना मनातल्या मनात 'शिक्केराव' नाव दिलं. आमची एकमेकांना एक अक्षर भाषा कळत नव्हती, पण त्यांनी मला त्यांचं मस्टर दाखवलं आणि मी त्यांना माझं. त्यांच्या रेघा पट्टीने मारलेल्या होत्या. माझ्याही! आम्ही एकमेकांकडे असं बघितलं, जसे जत्रेत हरवलेले भाऊ.

दुसऱ्या दिवशी भाषेचा तास होता. त्यांच्या मुलांना आपली भाषा शिकवायची. संगीताच्या बाई गाणं शिकवणार होत्या, पण त्यांचा घसा विमानातच बसला. मग मीच उभा राहिलो. गाणं मला येत नाही. आकडे येतात. दीड तासात त्या मुलांना एक ते तीस घोटून दिलं. एकेकाला उभं करून ठणठणीत म्हणून घेतलं. उकरी जिच्या घरी राहत होती ती मुलगी तर फारच हुशार निघाली. दातांना तार होती, पण 'सतरा' असं म्हणाली की आपल्या शाळेतली पोरं लाजावीत!

"शाबास!" मी म्हणालो आणि तिला तीनदा म्हणायला लावलं.

तिसरा दिवस उजाडला. त्या दिवशी कुलपांचं संग्रहालय बघायचं होतं. सकाळी शाळेच्या पटांगणात उकरी माझ्यापाशी आली. जवळजवळ उड्याच मारत होती.

"मामा, तिचे बाबा चौकातल्या मनोऱ्यावरचं घड्याळ सांभाळतात. ते आज उघडणार आहेत! वर्षातून एकदाच उघडतात. मला जायचंय."

"यादीत काय आहे?"

"कुलपं. पण मामा..."

"मग कुलपं."

"अरे, घड्याळाच्या पोटात माणूस उभा राहू शकतो! तुला नाही बघायचं?"

आता खरं सांगू? बघायचं होतं. लहानपणी आजोबांचं खिशातलं घड्याळ मीही एकदा उघडलं होतं आणि त्याबद्दल सपाटून मार खाल्ला होता. पण हेडक्लार्कला कुतूहल परवडत नाही. मी म्हणालो, "यादी म्हणजे यादी." ती शिक्केरावांच्या दिशेने गेली. ती भांडली नाही, याचंच मला नवल वाटायला हवं होतं!

पाच मिनिटांत शिक्केराव एक कागद घेऊन आले. काय कागद होता तो! जाड, फिकट निळसर, तीन प्रतींचा, प्रत्येक प्रतीचा रंग वेगळा, रकाने मुंगीच्या रांगेसारखे सरळ, आणि खाली जांभळा गोल शिक्का, एक कण शाई पसरलेली नाही. मजकूर अर्थात त्यांच्या भाषेत. पण कागदाची इभ्रत मजकुरात थोडीच असते? त्यांनी बोट ठेवलं तिथे मी तीनदा सही केली, खाली आपल्या शाळेचा शिक्का मारला (आमच्या शिक्क्याची शाई जरा पसरली, तेवढी मान खाली गेली) आणि माझी प्रत घडी करून मस्टरमध्ये ठेवली.

मग बसमध्ये चढलो. "हजेरी!"

नजर मस्टरवर. एक. दोन. तीन. पंधरा. सोळा. "सतरा!" ठणठणीत. अठरा... चोवीस. मी बसच्या ड्रायव्हरला म्हणालो, "चला!" तीन दिवसांत त्याला आपल्या भाषेतला तेवढा एकच शब्द येऊ लागला होता, आणि त्याला तो फार आवडायचा.

कुलपांचं संग्रहालय ऐन चौकात होतं. आत कुलपंच कुलपं. हत्तीच्या पायाएवढी, चण्याच्या डाळीएवढी, दोन किल्ल्यांची, आणि एक तर किल्लीशिवाय उघडणारं. माहिती सांगणाऱ्या बाई इंग्रजीत सांगत होत्या आणि मोठ्या बाई त्यांना मधे मधे तोडत होत्या. दहा मिनिटं झाली. वीस झाली. बाईंनी विचारलं, "काही प्रश्न?"

शांतता.

मला काहीतरी खटकलं. पहिल्या दोन दिवसांत उकरीने एक्केचाळीस प्रश्न विचारले होते. माझ्या वहीत नोंद आहे. आणि आज, किल्लीशिवाय उघडणाऱ्या कुलपासमोर, एकही नाही? त्या कुलपासमोर तर माझ्याच जिभेवर चार प्रश्न आले होते! पोर आजारी तर नाही?

मी पिवळ्या टोप्यांच्या रांगेतून सतरा नंबरपाशी गेलो. कोट तोच, खिशावर नंबर तोच. हलकेच टोपी वर केली.

खाली भलतंच डोकं!

दातांची तार चमकवत ती माझ्याकडे बघून हसली. माझ्या पाचावर धारण बसली. डोळ्यांपुढे ताईचा उंबरा आला, आणि उंबऱ्याच्या आत ताई.

"तू... तू कोण?" मी कुजबुजलो.

"सतरा!"

"अगं, सतरा मला माहीत आहे. तू कोण?"

"सतरा!" ती आणखी आनंदाने म्हणाली. तिला वाटलं, मी उच्चार तपासतोय. तिला आपल्या भाषेतले तीसच शब्द येत होते आणि ते सगळे मीच शिकवलेले!

मी खुणा सुरू केल्या. खिशावरच्या सतरा आकड्यावर बोट ठेवलं, हात हवेत फिरवले, भुवया उंचावल्या. म्हणजे, आमची सतरा कुठे आहे? तिला चटकन कळलं. ती गंभीर झाली आणि तिने बोट केलं.

वर!

थेट छताकडे!

मी एका कुलपाला धरून उभा राहिलो. वर? वर म्हणजे... इतक्या लवकर? सकाळी तर धडधाकट होती! एक मन म्हणत होतं, मोठ्या बाईंना सांग. दुसरं म्हणत होतं, एकतीस वर्षं! पालकसभेतल्या टाळ्या! आधी शोध, मग सांग. मोठ्या बाई तिकडे कुलपांच्या इतिहासावर कुलपं सांभाळणाऱ्यांनाच व्याख्यान देत होत्या, त्यामुळे त्यांचं लक्ष जाण्याची भीती नव्हती.

शिक्केराव दारात उभे होते. मी त्यांना कोपऱ्यात ओढलं. मस्टरच्या मागच्या पानावर एका मुलीचं चित्र काढलं. टोपी, कोट, सतरा. शेजारी मोठ्ठं प्रश्नचिन्ह. त्यांनी चित्र बघितलं. चेहरा उजळला. पेटी उघडली आणि सकाळच्याच कागदाची त्यांची प्रत काढून माझ्यासमोर धरली. एका ओळीवर टकटक बोट आपटलं.

सही राहिली असणार! पोर हरवलीय आणि या माणसाला सही हवीय! पण वाद घालायला वेळ कुठे होता? मी सही केली. ते गोंधळले. परत त्याच ओळीवर बोट. मी परत केली. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग नाइलाजाने दोन्ही सह्यांवर शिक्के मारले.

'जमा: टापटीप. नावे: काळीज', अशी मी त्यांची मनातल्या मनात नोंद केली आणि पिवळी छत्री उगारून चौकात धावलो.

"सतरा! ए सतरा! उकरीऽऽ!"

चौकात एक न्हावी आपल्या दुकानाच्या दारात टॉवेल झटकत होता. त्याने माझ्याकडे बघितलं. फुलं विकणारी म्हातारी, मी फुलंच मागतोय की काय, अशा नजरेने बघत बसली. मी कारंज्याच्या मागे बघितलं, सायकलींच्या मागे बघितलं, टपालपेटीत वाकून बघितलं. टपालपेटीत कशाला बघितलं, विचारू नका. एवढ्यात फोन वाजला.

ताई!

"काय रे, उकरी कशी आहे?"

"मजेत! अगदी मजेत."

"डोळ्यांसमोर आहे ना?"

"समोरच आहे," मी म्हणालो. समोर एक कबूतर होतं.

"दे बघू तिला फोन."

मागे वळलो तर ती तारवाली पोर माझ्या मागोमाग धावत आलेली, हसतमुख. माणूस बुडायला लागला की काडीला धरतो. मी तिच्या हातात फोन दिला.

"सतरा!" ती फोनमध्ये म्हणाली. मग मला खूश करावं म्हणून पुढचंही म्हणाली, "अठरा, एकोणीस, वीस!"

मी फोन हिसकावला. "ताई, आज ती फक्त आकड्यांतच बोलतेय. खेळ आहे एक. शैक्षणिक."

"आवाज वेगळाच वाटला रे."

"घसा बसलाय."

"अस्सं," ताई म्हणाली. फार सावकाश म्हणाली. ताईचं 'अस्सं' म्हणजे डॉक्टरांचं 'हं' असतं! "बरं, अकरा वाजत आले असतील तिकडे. ठेवते."

फोन ठेवला आणि चौकातल्या मनोऱ्यावर टोले पडायला लागले. ठण्ण! मोजण्याची सवय जित्याची खोड असते. पोर हरवलेली असतानाही मी मोजू लागलो. एक, दोन, तीन. आजचे टोले जरा वेडेवाकडे पडत होते, कोणी नवशिक्या भांडं ठोकावं तसे. नऊ, दहा, अकरा.

ठण्ण! बारा.

न्हावी दारात आला. मागून तोंडाला साबण लावलेलं गिऱ्हाईकही आलं.

ठण्ण! तेरा. फुलवाल्या म्हातारीने मनगटावरचं घड्याळ कानाला लावून हलवलं. चौदा. पोलिसाने शिटी तोंडात घातली, पण वाजवायची कोणासाठी ते त्याला सुचेना. पंधरा. सोळा. सगळा चौक मान वर करून उभा.

ठण्णऽऽऽ!

सतरा. आणि मग सगळं शांत.

माझ्या शेजारी तारवाली पोर वर बोट करून टाळ्या पिटू लागली. "सतरा! सतरा!"

मी मान वर केली. तीन दिवसांत पहिल्यांदा. मनोऱ्याच्या घड्याळाशेजारी एक छोटी खिडकी होती आणि खिडकीतून एक हात जिवाच्या आकांताने हलत होता. वर म्हणजे तिथे! आहे तिथेच उभं राहून, गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, नियम क्रमांक तीन!

मनोऱ्याला किती पायऱ्या आहेत ते सांगता येणार नाही. त्रेसष्टपर्यंत मोजल्या. मग दम लागला, मग डोळे भरून आले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मोजणी सुटली.

वर उकरी उभी. नाकापासून कोपरापर्यंत वंगण! तिच्याशेजारी तारवाल्या पोरीचे बाबा, म्हणजे घड्याळवाले, डोक्याला हात लावून बसलेले. टोल्यांचं यंत्र साफ करायला सोडवलं होतं म्हणून अकराचे टोले हाताने द्यायचे होते, आणि ते काम त्यांनी मोठ्या मनाने पाहुणीला दिलं होतं. पाहुणीने अकराच्या पुढे कारभार स्वतःच्या हातात घेतला.

"मामा, तू खाली छत्री घेऊन टपालपेटीत बघत होतास ना? मी किती ओरडले! आवाज पोचेचना. मग म्हटलं..."

"कळलं काय म्हटलंस ते. सगळ्या गावाला कळलं!" मी ओरडलो आणि तिला घट्ट जवळ घेतलं. लाल कोट नव्हताच तिच्या अंगात, पण माझा सदरा मात्र तोवर पांढरा होता. आता नाही.

मग मी रागवायला तोंड उघडलं आणि माझी नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली.

काय सांगू! खोलीएवढं घड्याळ. दात असलेली चाकं, परातीएवढी, आणि एक टिचकीएवढं. सगळी एकमेकांना हळूच ढकलताहेत, तक्रार नाही, घाई नाही. तबकडीच्या मागून उजेड येत होता आणि आकडे उलटे दिसत होते. मी पुढे झालो. "हे काय आहे गं?"

"ते ना? टोले मोजणारं चाक!" उकरीचा चेहरा उजळला. "हे बघ, कडेला खाचा आहेत. एकीपासून दुसरी जरा लांब, तिसरी आणखी लांब. खाच आली की टोले थांबतात. एक, मग दोन, मग तीन, असं बारापर्यंत."

"वा! म्हणजे चुकायचा प्रश्नच नाही."

"तेच तर! चुकतं." ती वंगणाचं बोट नाचवत म्हणाली. "हे चाक फक्त मोजतं, मामा. बाहेर काटे कुठे आहेत ते बघतच नाही. त्यामुळे एकदा घसरलं की दिवसभर चुकीचे टोले देतं. आणि त्याला वाटतं, आपण बरोबरच मोजतोय!"

मी चाकाकडे बघितलं. चाक माझ्याकडे बघत नव्हतं, पण तरी ओशाळल्यासारखं वाटलं. आम्हा दोघांनाही.

पाऊण तास मी तिथे होतो. तेरा प्रश्न विचारले. ते उकरीने मोजले.

खाली आलो तर मनोऱ्याच्या दारात शिक्केराव, मोठ्या बाई आणि चौकातली निम्मी जनता. मी मनाशी ठरवलं, कबूल करून टाकायचं. "बाई, माझ्या हातून फार मोठी..."

"चूक?" बाईंनी नेहमीप्रमाणे वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. "अहो, चूक कसली? आज सतरा नंबर घड्याळावर जाणार आणि तिच्या जागी त्यांची मुलगी आपल्याबरोबर येणार, हे ठरलेलंच होतं की. सकाळी तिने येऊन विचारलं, मी हो म्हटलं. इंग्रजी प्रत माझ्याकडे आहे. तुम्ही तर सही केलीत!"

"मी?"

शिक्केरावांनी संधी साधून कागद पुढे केला. टक टक. ज्या ओळीवर ते मघाशी बोट आपटत होते त्या ओळीत आकडा होता, सतरा. त्यापुढे बाण. बाणापुढे मनोऱ्याचं इवलंसं चित्र. आणि खाली परवानगी देणाऱ्याची सही: माझी. एकदा नव्हे, आता तीनदा! माझी प्रत मस्टरमध्ये होती. मस्टर माझ्या काखेत होतं. काखेत कळसा म्हणतात तो हाच!

"एकतीस वर्षांत तुम्ही न वाचता सही केली असेल, असं कोणाच्या मनात तरी येईल का?" बाई म्हणाल्या.

फोनने वाचवलं असं वाटलं, पण फोन ताईचाच होता.

"सापडली का रे?"

"कोण?" मी शेवटचा प्रयत्न केला.

"घसा बसलेली! अरे, कालच तिने मला सांगितलं होतं घड्याळाचं. मी म्हटलं, आधी मामाला विचार, मामा नाही म्हणाला तर मोठ्या बाईंना विचार. मघाशी फोन केला तो एवढ्याचसाठी, की माझा भाऊ खरं बोलतो की खोटं, ते बघावं."

"ताई, अगं..."

"समोरच आहे म्हणालास! काय होतं समोर?"

"कबूतर," मी म्हणालो.

पलीकडून आधी नुसती खुसखुस आली. मग ताई हसतेय असं कळलं. ती हसायला लागली की तिला बोलता येत नाही. शेवटी कसंबसं म्हणाली, "उंबऱ्याचं राहू दे. ये. पण पुढच्या वेळी पोरीकडे बघ रे बाळा, पोरीकडे!"

मी मनाशी पक्कं केलं. बास! आता नंबर नाहीत. यापुढे चेहरे!

परतायची वेळ झाली. बस चौकात उभी होती. दोन्ही सतरा नंबर मागच्या बाकावर शेजारी शेजारी बसलेल्या, उकरीचे वंगणाने माखलेले हात बघत. मी मस्टर मिटलं. फूटपाथवर उभा राहिलो आणि एकेका खिडकीतला एकेक चेहरा डोळे भरून बघितला. केवढी गंमत असते चेहऱ्यांत! चार नंबरच्या हनुवटीला खळी आहे, हे मला पाच वर्षांत माहीत नव्हतं. अकरा आणि बारा जुळे आहेत, हेही आजच लक्षात आलं! पाहुणी वेगळी धरून बरोबर चोवीस. एकही कमी नाही, एकही परका नाही. छाती भरून आली.

"चोवीस!" मी गरजलो. "चला!"

ड्रायव्हरला तो शब्द किती आवडतो ते मी सांगितलंच आहे.

बस निघाली.

मी हात हलवला. मुलांनीही हलवला. क्षणभर फार प्रसन्न वाटलं. मग मागच्या काचेवर उकरीने तोंडाची वाफ सोडली, बोटाने काहीतरी लिहिलं आणि पोट धरून हसत खाली बसली. अक्षरं उलटी होती, त्यामुळे वाचायला वेळ लागला. २५.

बस वळणावरून दिसेनाशी झाली. मनोऱ्यावर एक टोला पडला. अगदी बरोबर, एकच वाजला होता.

आता नियम म्हणजे नियम. तोही मीच केलेला. आहे तिथेच उभा राहिलो, पिवळी छत्री उघडली, आणि भर चौकात ठणठणीत आवाजात पुकारू लागलो:

"पंचवीस! पंचवीस!"

न्हावी दारात आला, त्याने माझ्याकडे बघितलं, मनोऱ्याकडे बघितलं, आणि मुकाट्याने मनगटातलं घड्याळ काढून खिशात टाकलं.